नकोकाकूचं अर्धं तोंड

तिचं तोंड मुळातच रुंद. जांभई दिली तर कानाला जाऊन टेकेल असं वाटायचं, आणि हसली की आधी दात दिसायचे, मग ती. शाळेत एका बाईंनी हजेरी घेता घेता तिला बेडकी म्हटलं आणि सगळा वर्ग खिदळला. दुसरी एखादी रडत घरी गेली असती. ही बाकावर चढली, गाल फुगवले आणि 'डरांव' करून अशी काही ओरडली की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी गोळा झाली. छड्या खायच्या त्या खाल्ल्याच. पण त्या दिवसापासून ते नाव तिनं बळकावलं. पुढे नाटकाच्या जाहिरातीत आणि टीव्हीवरच्या पाटीतही तिनं तेच छापायला लावलं. रस्त्यात कुणी चिडवायला म्हणून "ए बेडके!" अशी हाक मारली, तर ती थांबून विचारायची, "बोला, काय काम काढलंत?" चिडवणाराच ओशाळा होऊन वाटेला लागायचा.

वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन मोठे आरसे. लहान मुलांना बसवायची फळी खुर्चीवर आडवी टाकून ती त्यावर बसायची आणि तोंडं करायची. एका बेडकीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, अशी रांगच्या रांग आरशात दूरवर जायची. एकदा साबण लावून बसलेल्या गिऱ्हाईकाला हे दिसलं. त्याला हसू आवरेना, आणि वडिलांच्या वस्तऱ्यानं त्याच्या हनुवटीवर लाल रेघ ओढली. तेव्हापासून वस्तरा हातात असेपर्यंत तिला दुकानात मज्जाव झाला. ती बाहेर दाराच्या काचेला नाक लावून उभी राहायची. आतली माणसं तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनच खुर्चीत बसायची.

आई लवकर गेली होती. थोरल्या बहिणीनं, ताईनं, तिला वाढवलं. ताई शर्ट शिवायच्या कारखान्यात कॉलर शिवायची आणि संध्याकाळी घरीही मशीन चालवायची. कमी बोलणारी, त्याहून कमी हसणारी बाई. धाकटीनं नाटकात जायचं म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "जा. पण रडत परत येऊ नकोस. मला वेळ नाही."

धाकटी गेली ती थेट एका नाटक कंपनीच्या मालकांसमोर उभी राहिली. नायिकेची जागा रिकामी असल्याचं तिनं ऐकलं होतं. नवरा वारल्यानंतरचं नायिकेचं लांबलचक भाषण ती पाठ करून आली होती. पहिल्या वाक्याला मालकांच्या मिशा हलल्या. तिसऱ्या वाक्याला त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं आणि खांदे गदागदा हलायला लागले.

"अगं, नवरा मेलाय तुझा!" ते डोळे पुसत म्हणाले.

"मला माहितेय. हसताय तुम्ही."

"नायिका काही जमायची नाही तुला."

"नका करू नायिका. पण हसलात ना पोटभर? मग ठेवून घ्या. फुकट हसून घेतलंत असं व्हायला नको."

मालकांनी ठेवून घेतलं. विशीतच तिनं साठीची म्हातारी केली. मग भोचक शेजारीण केली, बहिरी परिचारिका केली, खाष्ट सासू केली आणि भाडं मागायला नेमकी प्रेमाच्या प्रवेशात येणारी घरमालकीण केली. पावडर लावून केस पांढरे करायचे, पाठीला उशी बांधायची, नायक-नायिकेला श्वास घ्यायला सवड हवी म्हणून मध्येच येऊन लोकांना हसवायचं आणि निघून जायचं. ती हे काम जीव ओतून करायची. विंगेत उभी असतानाच तिचा चेहरा बदलायला लागायचा. पडदे ओढणारा माणूस म्हणायचा, हिच्याकडे बघितलं की माझ्या हातून दोरी सुटते.

एका नाटकात ती मोलकरीण होती. नायक रागावला की तिला लाथ मारायचा, ती कोलमडायची आणि थिएटर दणाणून जायचं. प्रयोग चालला तशी नायकाची लाथही जोर धरायला लागली. तिनं सांगून बघितलं. "लोकांना आवडतंय," नायक म्हणाला. तिनं मालकांना सांगितलं. "लोकांना आवडतंय," मालकही तेच म्हणाले. त्यानंतरच्या प्रयोगात नायकाचा पाय उठला, आणि ती एक पाऊल बाजूला झाली. बस्स, एवढंच. नायक पाय वर करून भिंगरीसारखा फिरला आणि चहाच्या टेबलासकट आडवा झाला. एवढा हशा त्या नाटकाला कधी मिळाला नव्हता. पडदा पडल्यावर मालकांनी तिला बोलावलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

"का? लोकांना आवडलं की."

असं बोलून ती आपली उशी काखेत मारून घरी आली. ताई मशीनवर होती. "रडत नाहीये," ही दारातूनच म्हणाली. "दिसतंय," ताई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

टीव्हीवर ती आली ती पोटासाठी. मुलांचा एक कार्यक्रम नव्यानं सुरू झाला होता. 'हरवले-सापडले' नावाची एक कचेरी. मागे फळ्यांवर छत्र्या, एकेकटे बूट, एक पिपाणी, कुणाची तरी कवळी. कचेरीतल्या कारकून बाईचं काम तिच्याकडे आलं. काऊंटरखाली एक उंच माणूस दिवसभर उकिडवा बसून हातात कुत्रा नाचवायचा. कुत्र्याचं नाव बोंबल्या, कारण कुठलीही बातमी कळली की तो आधी बोंब मारायचा आणि मग विचारायचा काय झालं. तो उंच माणूस पेशानं बाहुलीवाला. गुडघे दुखायला लागले की तो कुत्र्याच्याच आवाजात शिव्या घालायचा.

लेखकानं ती कारकून बाई खवचट रंगवली होती. ती मुलांना हिडीसफिडीस करायची, मुलं तिला चांगुलपणा शिकवायची आणि शेवटी ती माफी मागायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा खवचट, पुन्हा माफी.

"दर आठवड्याला सुधारायचं आणि दर आठवड्याला बिघडायचं. ही बाई आहे की नळ?" ती म्हणाली.

एका चित्रणात एक मुलगा काऊंटरशी आला. "बाई, माझी टोपी मिळेल का?" तिला पुढचं वाक्य आठवेना. तोंडात येईल ते तिनं फेकलं: "नको!" मुलगा चक्रावला. त्यानं परत विचारलं, "मिळेल का?" "नको!" बघायला बसलेली मुलं हसून हसून बाकांवरून घसरली. त्या दिवशी नकोकाकू जन्माला आली. आधी नको म्हणायचं, मग नाक मुरडत, कुरकुरत, उलटतपासणी घेत वस्तू शोधून द्यायची, आणि माफी कधीच मागायची नाही. थोड्याच दिवसांत लेखक दुसऱ्या नोकरीवर गेला. "कुणी मिळेपर्यंत तुम्हीच काहीतरी बोलत राहा," असं तिला सांगण्यात आलं. कुणी मिळालंच नाही. शोधायची गरजही मग कुणाला वाटली नाही.

ती ताईकडेच राहत होती. शिवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर, कापड बेतायच्या तपकिरी कागदांवर ती लिहायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. ताई हसायची नाही. पण वाचता वाचता मशीनचा आवाज थांबला, तर प्रवेश जमला असं समजायचं. मशीन चालूच राहिलं की बेडकी कागदाचा बोळा करून कोपऱ्यात टाकायची.

वाहिनीवरच्या कार्यक्रमांचे प्रमुख फार हळू, फार गोड बोलायचे. वाईट बातमी द्यायची असली की जास्तच. तिनं त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलं होतं, आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. मऊसाहेबांनी तिला बोलावून विचारलं, "बाई, सगळं छान आहे. पण शेवटी मुलांनी घ्यायचं काय? एखादा बोध?"

"मुलं दिवसभर शाळेत बोधच खातात, साहेब. संध्याकाळी जरा तोंडाची चव बदलू द्या."

"एक वाक्य. शेवटी, एकच."

"त्या एका वाक्यापायी मुलं टीव्ही बंद करून उठतील, आणि बरोबर करतील."

मऊसाहेबांनी बोध स्वतः लिहून पाठवायला सुरुवात केली. ती तो इमानेइतबारे बोंबल्याला द्यायची. बोंबल्या गंभीर होऊन सुरुवात करायचा, "मुलांनो, आपण नेहमी..." आणि तेवढ्यात त्याला शिंक यायची. काही आठवड्यांनी मऊसाहेबांनी बोध पाठवणं बंद केलं.

अशी बरीच वर्षं बरी गेली. तिची पंचेचाळिशी उलटली होती. एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून ब्लाऊजवर सांडलं. तिनं पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा गळलं. आरशात बघितलं तर डावी बाजू खाली ओघळलेली. गाल सैल, ओठ लोंबता, डोळा मिटता मिटेना. तिनं जन्मभर केलेली तोंडं एकेक करून बघितली. उजवीकडून सगळी आली. डावीकडून एकही नाही.

"ताई," तिनं हाक मारली. "इकडे ये. हे मी करत नाहीये."

डॉक्टरांनी तपासलं. चेहऱ्याच्या त्या बाजूची नस सुजली आहे, म्हणाले. झटका वगैरे काही नाही, जिवाला धोका नाही. डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणीवर पट्टी लावायची. बरी होईल का? बहुतेक होईल. किती दिवसांत? ते सांगता येत नाही. पूर्ण होईल का? तेही सांगता येत नाही.

त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून पडली. ताई शेजारी बसून राहिली. रडत परत येऊ नकोस म्हणणाऱ्या बाईनं त्या रात्री तिला रडू दिलं, मशीनला हात लावला नाही.

मऊसाहेब फुलं घेऊन घरी आले, तेव्हाच तिनं ओळखलं.

"बाई, तुम्ही आराम करा. अगदी निवांत," ते म्हणाले. "काकूचं काम आम्ही दुसऱ्या एका बाईंना देतोय. तोच टोप, तोच चष्मा, मुलांना कळायचंही नाही. तुम्ही घरबसल्या लिहीत राहा. तुमचं काहीच थांबणार नाही."

बेडकीनं डाव्या गालाला बोट लावून तो वर ढकलला. तसं केल्याशिवाय तिला नीट बोलता येत नव्हतं. "मी येते की कामावर."

"मुलं घाबरतील हो."

"मुलं की तुम्ही?"

मऊसाहेब फुलदाणी शोधायला लागले. ते गेल्यावर ताई म्हणाली, "त्यांचं अगदीच चूक नाही. घरी बसून लिही. लोक टक लावून बघतील, सहन होईल तुला?"

"जन्मभर बघतायत. त्यावरच तर जेवतोय आपण."

"ते वेगळं होतं. ते तू करत होतीस."

हे मात्र तिला लागलं. ती आरसा भिंतीवरून काढून टेबलावर घेऊन बसली आणि बाराखडी म्हणायला लागली. क, ख, ग ठीक. च, ट, त ठीक. प आला आणि हवा डावीकडून फुस्स. फ, ब, भ, म, ओठाला ओठ टेकवून म्हणायचं एकही अक्षर धड निघेना. व अर्धामुर्धा. तिनं परत पहिल्यापासून म्हटलं. मग सहज, सवयीनं, तिच्या तोंडून "नको!" निघालं. स्वच्छ, ठसठशीत, पूर्वीसारखं. तिनं परत म्हटलं. "नको!" ओठाला ओठ टेकवायची गरजच नव्हती.

तिनं तपकिरी कागद पुढे ओढला.

पुढचे कितीतरी दिवस ती लिहीत होती आणि खोडत होती. काकूच्या वाक्यात प आला की खोड. म आला की खोड. मराठीत म नसलेलं वाक्य लिहायला बसावं म्हणजे तो किती ठिकाणी दडून बसलेला असतो ते कळतं! मी नाही, मला नाही, माझं नाही. काकूला स्वतःबद्दल बोलायचीच सोय राहिली नाही. पण नको होतं, नाही होतं, जा होतं, कशाला होतं. एवढ्यावर अख्खी नकोकाकू उभी राहत होती. ताईसमोर तिनं पहिला तुकडा वाचला: "छत्री गेली? गेली तर गेली! छत्र्यांना कुठेतरी जायचं असतं."

मशीन थांबलं.

"बोट न लावता बोललीस," ताई म्हणाली.

"सगळं तसंच आहे. ऐक."

मऊसाहेबांच्या खोलीत ती कागद घेऊन शिरली तेव्हा तिथे तिच्या जागी नेमलेल्या बाई टोपाचं माप देत बसल्या होत्या. त्या बिचाऱ्या उठून उभ्या राहिल्या. "बसा हो," बेडकी गालाला बोट लावून म्हणाली, "तुमच्याशी भांडण नाही." मग मऊसाहेबांकडे वळून, "एक भाग करू द्या. नेहमीसारखी मुलं बघायला बसवा, त्यांना आधी काही सांगू नका. एक जरी मूल रडलं तर मी घरी जाईन. लिहीनसुद्धा तुमच्या म्हणण्याप्रमाणे."

मऊसाहेबांची खात्रीच होती. ते लगेच हो म्हणाले.

चित्रणाच्या दिवशी मेकअपमामांनी तिला खुर्चीत बसवलं. नाटकापासून ओळखत होते तिला. "चिकटपट्टीनं गाल वर ओढून देऊ? टोपाखाली टोक लपवतो, कुणाला दिसणार नाही."

"नको, मामा. आहे तसं राहू द्या. फक्त घाम पुसत राहा, तो मात्र दोन्हीकडून येतोय."

दिवे लागले. काऊंटरमागून ती वर आली. बाकांवरची मुलं चिडीचूप झाली. खरोखर चिडीचूप. काऊंटरखाली बाहुलीवाल्यानं तिच्या पायाला हलकेच हात लावला.

"नको!" ती ओरडली. "आत येऊ नका!"

दोनचार मुलं हसली. वेण्या घातलेली एक मुलगी ठरल्याप्रमाणे काऊंटरशी आली. ठरलेलं वाक्य तिनं गिळलं आणि भलतंच विचारलं, "तुझं तोंड असं का झालंय?"

दिग्दर्शकानं थांबवायला हात वर केला. बेडकीनं वाट बघितली नाही. "अर्धं तोंड निजलंय," ती म्हणाली.

"मग उठव ना त्याला!"

"नको! दिसतंय ना, किती गाढ निजलंय? जागं झालं की आधी खायला लागतं त्याला!"

मुलगी खुदकन हसली आणि तिच्यामागे बाकंही. मग बोंबल्या वर आला, आज मला हाक का मारली नाहीस म्हणून रुसला. "तुला हाक कशाला? तू इथेच आहेस," काकू म्हणाली. त्यानं हट्टच धरला. शेवटी तिनं सगळा जीव एकवटून नाव घेतलं, आणि ते तोंडातून बाहेर आलं ते 'फोंफल्या' होऊन. बोंबल्या थबकला. हा फोंफल्या कोण? नवीन कुत्रा? हरवलाय? बिचारा कुठे असेल? त्यानं बोंब ठोकली, आणि अख्खा भाग तो फळ्यांवर, बुटांत, पिपाणीत फोंफल्याला शोधत राहिला. "इथे कोणीच तसला नाही!" काकू ओरडत होती, मुलं बाकांवर उभी राहून "तूच तो! अरे तूच तो!" म्हणून किंचाळत होती, आणि बोंबल्याला काही केल्या पटत नव्हतं.

आणि मध्येच एक मूल रडलं.

अगदी लहान होतं, पुढच्या बाकावर वडिलांच्या मांडीवर. बोंबल्याला नाही, पिपाणीला नाही, तिलाच घाबरलं होतं. तिच्याकडे बोट दाखवून ते रडलं. चित्रण थांबलं. मऊसाहेब कंट्रोल रूममधून खाली आले, त्यांचा चेहरा जास्तच मऊ झाला होता.

"बाई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," ती गालाला बोट लावून म्हणाली. सगळे ऐकत होते. दिवेवाले, कॅमेऱ्यावरचा माणूस, मामा, मुलं. "दिलेला शब्द मी मोडतेय. बेइमान म्हणा हवं तर. पण एवढी मुलं हसतायत आणि मी घरी जाऊ? मला इथून हलवायचं तर उचलून न्यावं लागेल, आणि मी वजनदार आहे."

"बाई, असं कसं..."

"उचला. बोलवा माणसं."

कुणीच पुढे आलं नाही. दिवेवाल्यांनी हात खिशात घातले. काऊंटरखालून बोंबल्यानं डोकं वर काढलं आणि मऊसाहेबांच्या टायचा वास घेतला. मुलं फिदीफिदी हसली. ती त्या रडणाऱ्या मुलाजवळ गेली, पण फार जवळ नाही. वडिलांनी त्याला उचलून मागे दाराशी नेलं होतं. "राहू द्या तिथेच," ती म्हणाली. "घाबरू दे त्याला. बघायचं असेल तर लांबून बघेल." त्यानं पुढचा सगळा भाग वडिलांच्या खांद्याआडून एका डोळ्यानं बघितला. हसलं नाही ते. पण दाराबाहेर चल म्हटलं तेव्हा जायलाही तयार झालं नाही.

तो भाग दाखवला गेला. फोन खणखणायला लागले. लहान मुलांना हे काय दाखवता, असं विचारणारे बरेच होते. मऊसाहेब घाबरेघुबरे झाले. बेडकी म्हणाली, एक फोन मला द्या. पलीकडे एक आई होती. मुलगा दिवसभर तुमच्यासारखं तोंड वाकडं करतो, त्याचं तोंड तसंच राहिलं तर?

"माझंही तसंच राहील कदाचित," बेडकी म्हणाली. "आपण दोघी वाट बघू. तुमच्याकडे काही फरक पडला तर कळवा."

त्या बाई हसल्या. पण सगळे काही हसले नाहीत. दुकानात, बसथांब्यावर माणसं आपल्या पोरांना तिच्यापासून बाजूला ओढायची. काही दिवशी घरी आली की ती थेट उशीत तोंड खुपसायची. सकाळ झाली की मात्र टोप चढवून काऊंटरमागे उभी. हळूहळू शाळांच्या मैदानांत पोरं बोटानं एक गाल खाली ओढून "निजलंय, निजलंय" म्हणत एकमेकांमागे धावायला लागली. कार्यक्रम पूर्वी कधी नव्हता एवढा लोकांना ठाऊक झाला.

आणि मग, वर्ष होत आलं असताना, नस जागी व्हायला लागली. आधी पापणी मिटली. मग गालात मुंग्या आल्या. मग एका सकाळी चहाचा घोट न सांडता आत गेला. ताईला तिनं आरशासमोर उभं करून म्हणून दाखवलं: "पापड, बंब, भोपळा, मामा!" ताईनं तोंडावर पदर धरला आणि बेडकीनं आयुष्यात पहिल्यांदा तिला खदखदून हसताना बघितलं.

मऊसाहेब या वेळीही फुलं घेऊन आले.

"अभिनंदन, बाई. फार आनंद झाला," ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढली. "एक विचारायचं होतं. ते तोंड... काकूचं... तसंच ठेवता येईल का? मामा म्हणतात चिकटपट्टीनं गाल खाली ओढता येतो."

"मामा असं म्हणाले?"

"मीच विचारलं. ते म्हणाले, येतो ओढता, पण मी ओढणार नाही."

तेव्हा ती हसली. दोन्ही बाजूंनी, पूर्वीसारखी, आधी दात आणि मग ती. "साहेब, खरं होतं तेव्हा तुम्हाला ते लपवायचं होतं. आता खोटं करून दाखवायचंय. तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?"

"मुलांना आवडतंय, बाई."

"मुलांना आवडतंय म्हणून मी आजारी माणसाची नक्कल करू? हॉस्पिटलात माझ्या शेजारी बसलेल्या बायका होत्या. त्यांचं तोंड अजून उठलेलं नाही. त्या टीव्ही बघतात."

"लोक कमी होतील."

"होऊ द्यात की."

तिनं काकूचं तोंड जागं होण्याचा भाग लिहिला. जागं झाल्या झाल्या त्यानं खायला मागितलं, आणि वर्षभर अडवून ठेवलेले सगळे प, फ, ब, भ, म ती एका दमात बोलत सुटली. बोंबल्यानं कानांवर पंजे धरले. भाग झकास झाला. आणि मऊसाहेब म्हणाले होते तसंच झालं, लोक कमी झाले. काहींना ती आता नुसती एक नेहमीची बाई वाटायला लागली. कार्यक्रम दुपारच्या अडनिड्या वेळेला ढकलला गेला, आणि दोनेक वर्षांत बंद पडला. मऊसाहेबांनी तेही इतक्या हळू सांगितलं की तिला दोनदा विचारावं लागलं.

ती आणि बाहुलीवाला मग शाळांच्या सभागृहांत, वाचनालयांत, हॉस्पिटलांच्या मुलांच्या वॉर्डांत काम करायला लागले. काऊंटर म्हणून कुठे बाक मिळायचं, कुठे इस्त्रीचं टेबल. बाहुलीवाल्याच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तो खुर्चीत बसून उघडपणे कुत्रा नाचवायला लागला. मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी कुत्र्याकडेच बघितलं. तो गेल्यानंतर तिनं दुसरा बाहुलीवाला शोधला नाही. "लोक नवीन मिळतील," ती म्हणायची, "पण तेवढ्या चांगल्या शिव्या मला ऐकायला मिळणार नाहीत."

आता तिनं सत्तरी ओलांडली आहे. दमली की ओठाचा डावा कोपरा अजून किंचित खाली येतो. मध्यंतरी एका तरुण दिग्दर्शकानं तिला नाटकात घेतलं. काम मेलेल्या आत्याचं. दुसरा सगळा अंक रंगमंचाच्या मधोमध खाटेवर पडून राहायचं आणि आजूबाजूला भावंडांनी घराच्या वाटणीवरून भांडायचं. वाक्य एकही नाही. पोरानं भीत भीतच विचारलं होतं, पण ती लगेच तयार झाली. झोपून करायचं काम पहिल्यांदाच मिळतंय, म्हणाली.

पहिल्या प्रयोगात दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला, लोकांनी खाटेवरच्या आत्याला बघितलं आणि हशा पिकला. भाऊ रडायला लागला, हशा. बहीण ओक्साबोक्शी रडली, जास्तच हशा. दिग्दर्शक विंगेत केस उपटत होता. अंक संपताच तो धावत आत आला.

"आजी, काय करत होता तुम्ही?"

"काही नाही. मेले होते."

"प्रेक्षक हसतायत! फार गंभीर प्रवेश आहे हो तो. प्रेतावर हशा कसा चालेल?"

"मी तर डोळेसुद्धा उघडले नाहीत. विचार कुणालाही."

दिग्दर्शकानं विचार केला. मग म्हणाला, "उद्यापासून आपण डोक्यावरून चादर घालू. म्हणजे प्रश्नच मिटला."

आजीबाई खाटेवर उठून बसल्या. "पायांवर घाल. गार लागतं मला तिथे. तोंडावर चादर घेऊन मी काम करत नाही. तसं प्रेत हवं असेल तर उशा ठेव खाली, मी घरी जाते. ताई एकटी आहे."

तिनं आपला चष्मा पुसला, काही झालंच नाही अशा थाटात चहा मागवला आणि त्यालाही एक सांगितला.

नाटक अजून चालू आहे. पुढे दिग्दर्शकानं दुसऱ्या अंकातली रडारड थोडी कमी केली आणि भांडणं वाढवली. त्यामुळे प्रवेश सुधारला, असं आता तोच सगळ्यांना सांगतो. चादर आत्याच्या पायांवर असते, घोट्यांपर्यंत नीट खोचलेली.